अलीगढचे वसतिगृह : नियम कोणाचे?

सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा १९२० साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या अंगाने. त्यामुळे एक साधी बाब नजरेआड होते. २४ मे १८७५ रोजी सुरू झालेला मदरसतुल उलूम ही मुळात एक खाजगी शाळा होती. ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजची कोनशिला बसली, तरी पुढेही बराच काळ कॉलेजपेक्षा शाळेतच मुलांची संख्या अधिक होती. म्हणजे अलीगढची प्रसिद्ध शिस्त प्रथम अंगवळणी पडली ती हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांच्या.

१८६९-७० च्या इंग्लंड प्रवासात सर सय्यद यांनी केंब्रिज पाहिले होते. शरीफ घराण्यातील मुले घरी नोकरचाकरांच्या आणि रिकामटेकड्यांच्या संगतीत बिघडतात, हे त्यांचे ठाम मत होते. म्हणून शिक्षणाइतकाच त्यांचा भर निवासावर होता. एकत्र भोजन, ठरलेल्या वेळी अभ्यास, काळा तुर्की कोट आणि लाल तुर्की टोपी. घराण्याची ओळख फाटकाबाहेर ठेवावी, असा हेतू. तो पुरता साधला असे मात्र म्हणवत नाही, कारण पक्की बराक आणि कच्ची बराक हा भेद आतही होताच.

नमाज सक्तीची होती आणि तिची हजेरी घेतली जाई. हजेरीपटाने नमाजी घडतात का, हा प्रश्न वसतिगृह सांभाळलेल्या कोणत्याही अध्यापकाला नवा नाही. सुन्नी आणि शिया मुलांच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था स्वतंत्र होती. सर सय्यद यांचे स्वतःचे धार्मिक विचार वादग्रस्त असल्याने त्यांनी या विभागापासून आपण होऊन दूर राहणे पसंत केले. संस्थापकाने नियमांच्या एका संपूर्ण प्रकरणातून स्वतःला वगळावे, हे उदाहरण विरळाच. हिंदू विद्यार्थी आरंभापासून होते. १८८१ साली कॉलेजचे पहिले पदवीधर झाले ते ईश्वरी प्रसाद. बकरी ईदला काही विद्यार्थ्यांनी गाईची कुर्बानी देण्याचे ठरवले, तेव्हा सर सय्यद यांनी स्वतः जाऊन ती थांबवली.

नियमांच्या पोटातच मुलांचे स्वतःचे जगही उभे राहिले. गणिताचे प्राध्यापक पंडित रमाशंकर मिश्र यांनी १८७८ मध्ये क्रिकेट क्लब काढला. पुढे खिलाफत चळवळीत गाजलेले शौकत अली हे याच मैदानावरचे कप्तान. १८८३ मध्ये थिओडोर बेक प्राचार्य म्हणून आले. ते केंब्रिज युनियनचे माजी अध्यक्ष. दुसऱ्याच वर्षी वादविवादासाठी सिडन्स युनियन क्लब सुरू झाला. उभे राहून बोलणे, विरोधी मत ऐकून घेणे, मत मोजणे, हे मुले तेथे शिकली. हे शिक्षण वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना पुढे जड जाणार होते.

खरा पेच नियमांचा नव्हता, ते कोणी चालवावेत याचा होता. १८८९ च्या विश्वस्त कायद्यावरून मौलवी समीउल्ला खान यांच्यासारखा जुना सहकारी संस्थेपासून दुरावला. सय्यद महमूद यांची नेमणूक हे वादाचे मुख्य कारण, पण इंग्रज अध्यापकांचा वाढता वरचष्माही त्यांना खुपत होता. तेव्हा सर सय्यद यांचा शब्द चालला. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढच्या वर्षी बेकही गेले.

फेब्रुवारी १९०७ मध्ये अलीगढच्या नुमाइशीत एका विद्यार्थ्याची पोलीस शिपायाशी झटापट झाली. प्राचार्य आर्चबोल्ड यांनी पोलिसांची बाजू उचलून धरली आणि विद्यार्थ्याला शिक्षा केली. मुलांनी संप पुकारला, कॉलेज काही काळ बंद ठेवावे लागले. ज्या मुलांना शिस्तीचा नमुना म्हणून पाहुण्यांसमोर उभे केले जाई, तीच मुले आता आपली बाजू ऐकून घ्या म्हणत होती. सचिव मोहसिन-उल-मुल्क मधल्यामध्ये सापडले. त्याच वर्षी ते वारले. त्यांच्या जागी आलेले विकार-उल-मुल्क हेही त्यांच्यासारखेच हैदराबाद संस्थानाच्या सेवेत मुरलेले. त्या दरबारी अनुभवाने त्यांना वाटाघाट शिकवली असेल, पण या प्रश्नावर ते नमले नाहीत. प्राचार्य मोठा की विश्वस्तांचा सचिव, या वादात १९०९ मध्ये आर्चबोल्ड यांनी राजीनामा दिला आणि वीस वर्षांपूर्वी समीउल्ला खान यांनी उपस्थित केलेल्या शंकेला विश्वस्तांनी उशिरा उत्तर दिले.