दुसरा गाल

पनवेलहून लोकल पकडली की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. तिथल्या टेकड्यांच्या पायथ्याशी ‘ॲक्ट्रेक’ आहे, टाटा मेमोरियलची कर्करोग संशोधन संस्था. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी खारघरवरून ये-जा केली, पण तिथे काय चालतं हे कधी विचारलं नाही. मग बाबांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. तीस वर्षं तळहातावर तंबाखू-चुना मळलेला माणूस. चट्ट्याचा तुकडा तपासणीला गेला आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी वाचनात ढकलले.

अशा तुकड्याचं पुढे काय होतं? तो मेणात बसवतात, त्याचे पातळ काप करतात, रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पेशींचा आकार बघतो. आपल्याकडे या कामातलं मोठं नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा छापला. पुढच्याच वर्षी सूर्याबाईंसोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी कर्करोगाचा संबंध लोकांच्या सवयींशी जोडला. तंबाखू-चुन्याची चिमूट ओठाआड धरण्याची सवय त्यात होती. म्हणजे आमचे बाबाच. परळला १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली जे संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचाच वारसा आज खारघरला आहे.

पण रंग न लावताही पेशी वाचता येते. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. हाच अवरक्त प्रकाश. रेणूंमधले बंध सतत थरथरतात आणि आपापल्या कंपनाशी जुळणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. प्रथिनं एका सेंटिमीटरमध्ये साधारण १६५० लहरी बसतील असा प्रकाश शोषतात, तर डीएनएमधला फॉस्फेट १०८० च्या आसपासचा. कुठे किती प्रकाश कमी झाला याचा आलेख काढला की तो पेशीतल्या रसायनांचा हिशेब होतो.

अडचण होती काचेची. ती हा प्रकाश गिळते, त्यामुळे नेहमीची भिंगं निरुपयोगी. १९४९ मध्ये शास्त्रज्ञांनी भिंगांऐवजी आरसे असलेला सूक्ष्मदर्शक अवरक्त वर्णपटमापकाला जोडून जैविक नमुने तपासले. आता तुकड्यातला एकेक ठिपका वेगळा वाचता येऊ लागला. ठिपका जितका बारीक, तितका प्रकाश प्रखर लागतो. म्हणून हे काम सिंक्रोट्रॉनवरही होतं. आपला ‘इंडस-२’ इंदूरला आहे. तिथे वर्तुळात धावणारे इलेक्ट्रॉन वळताना प्रकाश फेकतात.

दुसरी अडचण पाण्याची. पाणीही अवरक्त प्रकाश भरपूर शोषतं, त्यामुळे ही पद्धत वाळवलेल्या पातळ कापांवर उत्तम चालते, ओल्या तोंडात नाही. तिथे तिचं भावंड कामी येतं: रामन वर्णपट. तोही रेणूंची कंपनंच वाचतो, पण विखुरलेल्या प्रकाशातून. ॲक्ट्रेकमध्ये डॉ. मुरली कृष्ण यांच्या गटाने बारीक प्रोब थेट रुग्णांच्या गालाला लावून असे वर्णपट घेतले. कर्करोग एका गालात असला तरी निरोगी दिसणारा दुसरा गालही तंबाखू न खाणाऱ्याच्या गालापेक्षा वेगळा निघाला.

मी दिवसभर डेटावर काम करतो, म्हणून एक गोष्ट लगेच लक्षात आली. यंत्राला हा वर्णपट कर्करोगाचा आणि हा निरोगी, हे आधी कुणीतरी शिकवावं लागतं. ते लेबल येतं रंगवलेल्या कापावरून, पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून. म्हणजे नव्या यंत्राच्या आतही खानोलकरांचीच शाळा आहे. नजरेच्या पुढे यंत्र जातं ते फक्त त्या दुसऱ्या गालापाशी.

बाबांचा रिपोर्ट आला. कर्करोग नव्हता, पण पेशींनी रूप बदलायला सुरुवात केली होती. घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं, “उजवा गाल तरी ठीक आहे ना रे?”

“दिसायला ठीक आहे,” मी म्हणालो.

“दिसायला म्हणजे?”

मग पनवेल येईपर्यंत मी त्यांना हर्शेलच्या थर्मामीटरची गोष्ट सांगितली. पुडी त्यांनी त्या रात्री स्वतःच कचऱ्यात टाकली. हात मात्र अजून खिशाकडे जातो.