छंदाची मोफत साधनं आली कुठून? तबल्याचा कायदा, जात्यावरची ओवी आणि वीस वर्षांनी उघडणारी फाईल

लग्नसराईत मांजरसुंब्याच्या चौकातून गेलात तर दोन गोष्टी हमखास भेटतात : फ्लेक्सचे बॅनर आणि डीजेची गाणी. दोन्ही कॉम्प्युटरवर तयार होतात, आणि पुष्कळदा हौसेनं शिकलेल्या पोरांच्या हातून. संशोधनासाठी विषय शोधताना आपण अशा गोष्टींकडे बघत नाही, कारण त्या ‘इतिहास’ वाटत नाहीत. पण एक प्रश्न विचारून बघा : ही पोरं ज्या सॉफ्टवेअरवर काम करतात, ते त्यांच्यापर्यंत पोचलं कसं? आणि त्यांनी आज बनवलेलं काम वीस वर्षांनी कुणाला उघडता येईल का?

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. ‘फुकट’ तीन प्रकारचं असतं. पहिलं, महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत. दुसरं, कंपनीनं आपल्या मर्जीनं मोफत दिलेलं. मर्जी फिरली की बंद. तिसरं मुक्त : ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. वापरणाऱ्याला पहिल्या दिवशी तिन्ही सारखीच वाटतात. फरक कळतो तो काळ गेल्यावर, म्हणून हा प्रश्न इतिहासाचा आहे.

विद्यार्थ्यांच्या टेबलावरून

मुक्त साधनांचा माग काढला की आपण वारंवार विद्यापीठात येऊन पोचतो. चित्रांवर काम करण्यासाठीचं ‘गिम्प’ बर्कलीच्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलं. आवाज रेकॉर्ड आणि संपादित करण्याचं ‘ऑडॅसिटी’ १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं. डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅनेनबर्ग हे प्राध्यापक आवाजाच्या विश्लेषणावर काम करत होते, त्यातून ते निघालं. २००० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आज गावाकडचा पोरगा भजनाच्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा आवाज ज्यात काढतो, ते मुळात संशोधनाचं उपउत्पादन आहे.

‘ब्लेंडर’ची गोष्ट वेगळी आहे. त्रिमितीय चित्रांचं हे सॉफ्टवेअर कंपनीचं होतं आणि २००२ मध्ये कंपनीच बंद पडली. तेव्हा टॉन रोझेनडाल यांनी लोकांकडून वर्गणी काढून १ लाख युरो उभे केले आणि कोड सोडवून घेतला. सात आठवड्यांत रक्कम जमली. म्हणजे जे साधन आज ‘फुकट’ मिळतं, त्याची किंमत एकदा कुणीतरी मोजलेली आहे.

लखनौचा तबला, माजलगावची ओवी

आता आपल्या मातीजवळची गोष्ट. १९८०च्या दशकात जेम्स किपेन हे ब्रिटिश संगीत-अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचे पलटे कसे बांधायचे हे शागीर्द ऐकून ऐकून शिकतो. नियम कुठे लिहिलेले नसतात. किपेन आणि फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी हे नियम व्याकरणासारखे मांडायचं ठरवलं. त्यासाठी बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्राम लिहिला. ‘धा’, ‘तिरकिट’ असे बोल एकेका कळीवर बसवले, नियम भरले आणि कॉम्प्युटरनं नवे पलटे तयार केले. ते पलटे जाणकार तबलावादकांसमोर ठेवायचे. त्यांनी ‘हे चालणार नाही’ म्हटलं की व्याकरण दुरुस्त करायचं.

पद्धत नीट बघा. यंत्रानं काढलेलं उत्तर प्रमाण मानलं नाही, परीक्षक उस्तादच राहिले. मुलाखतीत माणूस जो नियम शब्दांत सांगू शकत नाही, तो चुकीचं उदाहरण समोर आलं की लगेच दाखवतो. कुठल्याही कारागिरीवर संशोधन करणार असाल तर ही युक्ती वहीत लिहून ठेवा.

हेच बर्नार्ड बेल पुढे १९९०च्या दशकात पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या कामात सामील झाले. या दोघांच्या पुढाकारातून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बेल यांच्या सहभागातून सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं आणि ओव्यांची माहिती कॉम्प्युटरवर शोधता येईल अशी रचली गेली. त्यात आपला बीड जिल्हाही आहे : माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये रेकॉर्ड झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हा संग्रह टप्प्याटप्प्यानं लोकांसमोर आणत आहे. घराघरात चक्की आली, जातं थांबलं, पण आवाज ऐकू येतो. आणि बोल प्रोसेसरचा कोडही आता मुक्त आहे. त्याची नवी आवृत्ती साध्या लॅपटॉपवर चालते.

इथे एक सावधगिरी. साधन मुक्त आहे म्हणून गाणारीचा आवाज मुक्त होत नाही. ओवी घेऊन तिच्यावर बीट चढवायचा मोह होईल. आधी संग्रहाच्या अटी वाचा, गाणारीचं नाव आणि गाव लिहा, आणि शक्य असेल तिथे परवानगी घ्या.

अक्षरं हरवतात तेव्हा

उलटं उदाहरण मराठी अक्षरांचं. युनिकोड रुळण्याआधीचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवून चालायचे. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडली तरी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या काळातली कित्येक पत्रकं आणि पुस्तकं आजही अशीच अडकून पडली आहेत. फाईल जपून ठेवली तरी मजकूर हाती लागत नाही.

आता पर्याय आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट युनिकोडवर चालतात, मोफत आहेत आणि त्यांच्या परवान्यानुसार बदलताही येतात. ते ‘इंकस्केप’मध्ये वापरून बॅनर केला की फाईल एसव्हीजी या खुल्या प्रकारात राहते. शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशा मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठीतही आहेत.

तुमच्या कामासाठी

कुठलंही साधन निवडताना तीन प्रश्न विचारा. परवाना काय आहे? फाईल कुठल्या प्रकारात साठते? बनवणाऱ्यांनी काम थांबवलं तर ती दुसऱ्या कशात उघडेल का? मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीच्या प्रोजेक्ट फाईलमध्येच ठेवू नका. सोबत वेव्ह किंवा फ्लॅक प्रत काढा. २०२१ मध्ये खुद्द ऑडॅसिटीनंच प्रोजेक्ट फाईलचा प्रकार बदलला. जुन्या फाईली अजून उघडतात, पण आपण कुणाच्या भरवशावर राहू नये.

आणि विषय हवा असेल तर तो जवळच आहे. कपिलधारच्या यात्रेची पत्रकं, लग्नांचे बॅनर, स्थानिक कलाकारांनी घरी बसवलेली गाणी हे सगळं आज फ्लेक्सवाल्यांच्या आणि स्टुडिओवाल्यांच्या हार्ड डिस्कवर आहे. दुकान बदललं की ती डिस्क भंगारात जाते. त्याआधी जाऊन, विचारून, खुल्या प्रकारात एक प्रत आणि तारखेची नोंद केलीत, तर उद्याच्या संशोधकाला तुमच्यामुळे एक साधन मिळेल.