हात जोडल्यानंतर

१७९२च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठी गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक कापलं गेलं, एक हातही छाटला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या कारागिराने पातळ मेणाने नाकाचं माप घेतलं, ते कपाळावर पसरून तेवढीच कातडी सोडवली आणि भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून खाली वळवली. १७९४ साली लंडनच्या मासिकात त्या नाकाचं चित्र छापून आलं. कातडी स्वतःची होती, म्हणून ती रुजली. हात मात्र दुसऱ्याचाच लागला असता.

परकी कातडी का रुजत नाही, याचा धागा १९४३ साली ग्लासगोत सापडला. भाजलेल्या एका बाईला भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली, तेव्हा ती पहिलीपेक्षा लवकर गळाली. पीटर मेडावर आणि टॉम गिब्सन या संशोधकांनी ताडलं की शरीर परक्याला लक्षात ठेवतं. हाताच्या साऱ्या भागांत कातडीच प्रतिकारशक्तीला सर्वाधिक डिवचते. १९६४ साली इक्वेडोरमध्ये जोडलेला हात काही आठवड्यांतच काढावा लागला. १९९८ साली फ्रान्समधल्या लियोंत जोडलेला हात रुजला. पण रुग्णाने औषधं सोडली आणि २००१मध्ये तोही गेला.

टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे २०१५ साली कोचीच्या अमृता रुग्णालयात भारतातलं पहिलं हातांचं प्रत्यारोपण झालं. २०२०मध्ये चेन्नईहून विमानाने आणलेले दोन्ही हात मुंबईत परळला जोडले गेले.

आता हात सहसा एकाएकी जात नाही. शरीर तो नाकारू लागलं की त्यावर लालसर चट्टे उठतात, सूज येते. स्टिरॉइड दिलं की बहुधा ओसरते. पण हे पुन्हा पुन्हा झालं तर आत नुकसान साचत जातं. सूज असेतो बोटांचा व्यायाम अडतो, कंडरा आसपास चिकटतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर जाड होतं, स्नायू वाळतात. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१०मध्ये उंदरांच्या जोडलेल्या पायांत अशीच झीज नोंदवली. जोडलेल्या हातात रुग्णाचा मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तो बोटांपर्यंत पोचेतो स्नायूच वाळला, तर हालचाल कुठून येणार?

म्हणून शस्त्रक्रियेची बातमी छापून येते तेव्हा खरं काम नुकतंच सुरू झालेलं असतं. औषधं जन्मभर परवडायला हवीत, व्यायाम घराजवळ मिळायला हवा, चट्टा दिसला त्याच दिवशी डॉक्टर गाठता यायला हवा. दात्याच्या घरच्यांनी ऐन दुःखात दिलेला हात नुसता मनगटाशी टिकून भागत नाही. त्याने शर्टाचं बटण लावलं पाहिजे.