उकिरड्यापासून कचरा डेपोपर्यंत



वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कोणी भजनी मंडळावर, कोणी भिशीवर, कोणी पाककृतींवर लिहायचे कबूल केले. मी मात्र कचऱ्याचा विषय मागून घेतला. रोज सकाळी घंटागाडी आली की आपण बादली रिकामी करतो आणि दार लावून घेतो. बादलीतले पुढे कोठे जाते, तेथे ते कसे ठेवावे याचे काही नियम आहेत काय, आणि ते नियम कोणामुळे व कशामुळे झाले, हे जाणून घ्यावे असे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयात बसून वाचले, मुलांकडून समजून घेतले, आणि जे उमगले ते आपल्या नेहमीच्या बोलीत सांगते.

माझे माहेर नांदेड जिल्ह्यातले आणि सासर लातूरचे. दोन्हीकडे जुन्या घरांत कचऱ्याला जागा ठरलेली असे, ती म्हणजे उकिरडा. त्याचे नियम कोणी कागदावर लिहिले नव्हते, पण आजी ते कडकपणे पाळून घेई. पहिला नियम, उकिरडा विहिरीपासून दूर आणि उताराच्या अंगाला असावा, म्हणजे पावसाचे पाणी त्यातून वाहून विहिरीत उतरणार नाही. दुसरा, शेणकुरावर राख-माती टाकीत जावे, म्हणजे माश्या होत नाहीत. पण राखेत विस्तव नसावा, कारण कडब्याची गंजी जवळच असते. तिसरा, फुटकी काच आणि पत्रा त्यात टाकू नये, कारण खत शेवटी शेतात जाते आणि शेतात आपलीच माणसे अनवाणी चालतात. चौथा, मृग निघण्यापूर्वी उकिरडा उपसून टाकावा. भगिनींनो, हे चार नियम ध्यानात ठेवा. पुढे मोठमोठ्या कायद्यांत हेच पुन्हा भेटणार आहेत.

उकिरडा नीट राहत असे, कारण तो दारात होता. वास आला तर आपल्यालाच येई, पाणी नासले तर आपलेच नासे. शहरे वाढली तशी ही गोष्ट पालटली. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर नांदेड व लातूर ही गावे भराभर वाढली. १९८२ साली लातूर जिल्हा झाला, १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली आणि २०११ साली लातूर महानगरपालिका झाली. वाडे गेले, परसदारे गेली. घरचा कचरा गाडीत बसून वेशीबाहेर जाऊ लागला. लातूरचा कचरा वरवंटीकडे गेला, नांदेडचा तुप्प्याकडे. त्यात शेणाऐवजी प्लास्टिक आले, बॅटरीचे सेल आले, औषधांच्या बाटल्या आल्या. ज्याच्या घरचा कचरा तो एका ठिकाणी आणि ज्याच्या नाकाशी वास तो दुसऱ्या ठिकाणी, असे झाले. डेपोच्या नियमांची सारी गरज येथून सुरू होते.

ही अडचण मोठ्या शहरांना आधी भेटली. मुंबईचा देवनारचा डेपो १९२७ पासूनचा आहे. तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी १९३७ साली जीन व्हिन्सेंझ नावाच्या अधिकाऱ्याने निराळी पद्धत घातली. लांब चर खणायचा, कचरा त्यात टाकून यंत्राने दाबायचा आणि रोजचा कचरा रोज मातीने झाकायचा. उंदीर, माश्या आणि आगी यांना त्यामुळे आळा बसला. ती जागा पुढे तिकडच्या सरकारने ऐतिहासिक म्हणून जपली. मला मात्र वाचताना आजीच्या राखेची पाटी आठवली.

आपल्या देशात या गोष्टीला लेखी नियमाचे रूप यायला फार वर्षे लागली, आणि त्या कथेची सुरुवात आपल्याच भागाशी जोडलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली, गावे ओस पडली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रोगी आढळले. पडक्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले आणि त्यातून हे झाले असावे, असा संबंध काही तज्ज्ञांनी जोडला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लोक गाड्या भरभरून शहर सोडून पळाले. रस्त्यावर साचलेला कचरा म्हणजे नुसती कुरूपता नव्हे, हे तेव्हा साऱ्या देशाला कळले.

यानंतर १९९६ साली बंगळूरच्या श्रीमती अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. शहरांनी आपला कचरा कोठेही ओतावा हे चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने समिती नेमली, तिचा अहवाल १९९९ साली आला, आणि सप्टेंबर २००० मध्ये देशातील नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम निघाले. एका बाईने धरलेल्या चिकाटीतून हे झाले, याचा आपल्यासारख्या मंडळांना अभिमान वाटला पाहिजे. ८ एप्रिल २०१६ रोजी त्या नियमांच्या जागी अधिक विस्तृत नियम आले.

या २०१६ च्या नियमांत डेपोविषयी, म्हणजे शास्त्रोक्त भरावाविषयी, काय सांगितले होते ते थोडक्यात पाहू.

प्रथम परवानगी. जागा शोधून देण्यास जिल्हाधिकाऱ्यांनी साहाय्य करायचे. भराव चालविणाऱ्याने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करून अधिकारपत्र घ्यायचे. आपल्या राज्याचे हे मंडळ १९७० सालचे आहे. शिवाय प्रत्येक नगरपालिकेने आपले उपविधी करायचे, म्हणजे गावाने गावापुरते कायदे करायचे.

मग जागा. नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर. वस्ती, हमरस्ता, बाग आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासूनही २०० मीटर अंतर हवे. गेल्या १०० वर्षांत जेथे पूर आल्याची नोंद आहे अशा पूरभूमीत भराव नको. गोदावरीकाठच्या नांदेडला ही अट किती मोलाची आहे हे सांगायला नको. विमानतळापासून २० किलोमीटर अंतर सांगितले होते, विशेष परवानगीने १० ते २० किलोमीटरमध्येही चाले. कचऱ्यावर घारी-कावळे जमतात आणि ते विमानाला धडकतात, म्हणून ही अट. नांदेडला विमानतळ आहे, तेव्हा हीही अट आपल्या कामाची.

पुढे बांधणी. तळाशी ९० सेंटीमीटर चिकण मातीचा घट्ट थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चादर. भूजल या थराच्या तळापासून निदान २ मीटर खाली हवे. कचरा कुजला की त्यातून काळे पाणी सुटते. ते नळ्यांनी गोळा करून शुद्ध करायचे. आपल्या मराठवाड्याला ही अट सर्वांत महत्त्वाची वाटावी. काळ्या मातीखाली आपल्याकडे काळा पाषाण आहे, आणि पाणी त्याच्या भेगांतून वाहते. ते काळे पाणी एकदा भेगेत शिरले की कोणाच्या बोअरला लागेल, हे वरून दिसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून ५ लाख लिटर आले, ते साऱ्या शहराला पुरवून पुरवून वापरावे लागले. त्या उन्हाळ्यात ज्याच्या बोअरला पाणी होते तो श्रीमंत होता. अशा मुलखात एक बोअर नासणे म्हणजे एका घराचा आधार जाणे होय.

मग रोजचे काम. गाडी काट्यावर तोलून आत घ्यायची, कुंपण ठेवायचे, आगीची तयारी ठेवायची. कचरा दाबून रोज त्यावर निदान १० सेंटीमीटर माती टाकायची. पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटीमीटरचा जाड थर द्यायचा. पाहा, मृगापूर्वीचा आजीचा नियम येथे पुन्हा आला. आसपासच्या भूजलाची तपासणी करीत राहायची. आणि भराव भरून बंद झाल्यावरही १५ वर्षे त्यावर लक्ष ठेवायचे.

सर्वांत मुख्य नियम असा की, ज्याचे खत होते, जे पुन्हा वापरता येते, ते भरावात जाऊच नये. सारे करून जो निरुपयोगी गाळ उरेल तेवढाच तेथे जावा. आधीपासून साचलेले ढीग उकरून, चाळून, माती वेगळी आणि प्लास्टिक वेगळे करण्याचा विचार व्हावा, असेही त्यात होते.

हे नियम बारीक वाटतात खरे, परंतु त्यांकडे दुर्लक्ष झाले की काय होते त्याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. १० जुलै २००० रोजी फिलिपाइन्स देशात मनिलाजवळ पायातास येथे पावसाने भिजलेला कचऱ्याचा डोंगर खालच्या झोपड्यांवर कोसळला. दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती तेथेच कचरा वेचून पोट भरणारी होती. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली. कुजणाऱ्या कचऱ्यातून जळणारा वायू निघतो. तो आत पेटला की वरून पाणी मारून विझत नाही. धूर दिवसच्या दिवस राहिला, महापालिकेच्या कित्येक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या इमारतींना परवानगी देणेच थांबविले. ज्या शहराला आपला कचरा सांभाळता येत नाही त्याने आणखी घरे कशी बांधावी, हा त्यामागचा विचार. ही बंदी पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून काही काळापुरती सैल केली.

आणि आपल्या घरचे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. तेथील कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या. न्यायालयानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. शहरात कचऱ्याचे ढीग साचले. गाड्या दुसरीकडे वळविल्या तेव्हा मार्चमध्ये मिटमिट्याला लोक आणि पोलीस यांच्यात चकमक उडाली, दगडफेक झाली. एका गावाने नको म्हटले म्हणजे दुसरे गाव घेईल, हा हिशेब त्या दिवशी संपला. मग शहराला चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची सोय करावी लागली. तीस वर्षे जे झाले नाही ते अडचण दारात आल्यावर सुरू झाले.

आपल्या मंडळातील एका भगिनीचे माहेर अशाच एका डेपोच्या शेजारच्या गावी आहे. त्या सांगतात, दिवाळीला माहेरी गेले की पाहुणे घरचे पाणी पीत नाहीत, सोबत बाटली आणतात. आई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि तसाच परत नेते. आपल्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी देण्याची रीत. ती रीत ज्या घरात मोडली, त्या घराचे काय नुकसान झाले हे कोणत्या तक्त्यात लिहायचे? हे ऐकल्यापासून बादली उचलताना मला त्या तांब्याची आठवण होते.

२०२६ साली केंद्र सरकारने पुन्हा नवे नियम काढले. त्यांत घरच्या कचऱ्याचे चार वाटे सांगितले आहेत. ओला, सुका, लंगोट व पॅड यांचा स्वच्छतेचा कचरा, आणि बल्ब, औषधे, रंगाचे डबे असा जपून हाताळायचा कचरा. जी नगरपालिका न निवडलेला कचरा भरावात पाठवील तिला अधिक शुल्क पडावे, अशीही योजना त्यांत आहे. म्हणजे नियमांची सुरुवात आता आपल्या ओट्यापाशीच झाली आहे. आपल्या घरच्या कचऱ्यात जवळजवळ निम्मा ओला असतो. तो वेगळा राहिला तर त्याचे खत होते, आणि डेपोत काळे पाणी व जळका वायू होण्याचे मुख्य कारणच कमी होते.

तेव्हा माझी सूचना अशी. मंडळाने यंदा दोन कामे हाती घ्यावीत. एक, आपल्या गल्लीत चार वाटे होतात की नाही हे घरोघर जाऊन समजुतीने पाहावे. दुसरे, आपण दहा-बाराजणींनी मिळून महानगरपालिकेला विनंती करावी आणि एकदा डेपो पाहून यावा. तेथे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र आहे काय? रोज माती पडते काय? पावसाळ्यापूर्वी जाड थर दिला काय? आसपासच्या बोअरचे पाणी शेवटी केव्हा तपासले आणि त्याचा निकाल गावकऱ्यांना सांगितला काय? हे प्रश्न विचारायला फार शिकलेले असावे लागत नाही. उकिरडा सांभाळलेल्या घरातली कोणतीही बाई ते विचारू शकते.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्यात म्हणतात. ते फिटतात, कारण उकिरड्यात टाकलेले कुजून सोने होते आणि शेतात जाते. डेपोचे पांग तसे आपोआप फिटायचे नाहीत. पंधरा वर्षे नुसती राखण करा, असे नियमच सांगत होते. ज्या गावांनी आपला भार वाहिला त्यांचे पाणी गोड राहो, आणि त्या कामी आपल्या मंडळाचा हात लागो, हीच वर्धापनदिनी माझी सदिच्छा.