दिव्याभोवतीचा उजेड

दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस नागपुरातल्या फ्लेक्सच्या दुकानांत संगणक रात्री उशिरापर्यंत चालू असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांच्या स्वागताचे फलक आणि नवरात्राच्या मंडळांचे फलक एकाच टेबलावर पाठोपाठ तयार होतात. दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘भाऊ, मागून थोडा ग्लो मारून दे ना.’ हा ‘थोडा ग्लो’ म्हणजे काय, तो डोळ्याला का पटतो आणि संगणकावर कसा घडवायचा, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. वरवर छोटा वाटतो. पण त्याच्या एका टोकाला लेण्यांतली शिल्पं आहेत आणि दुसऱ्या टोकाला आपल्याच डोळ्यातलं भिंग.

मागणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. बुद्धाच्या किंवा बाबासाहेबांच्या मस्तकामागे तेजाचं वलय हवं असेल, तर ते एक चिन्ह आहे. पण रात्री काढलेल्या स्तूपाच्या फोटोत दिवे विझल्यासारखे दिसत असतील आणि ते पेटलेले दिसायला हवे असतील, तर तो प्रकाशाचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींसाठी हात त्याच बटणाकडे जातो, म्हणून घोटाळा होतो. नवशिक्यानं हा फरक पहिल्याच दिवशी मनाशी पक्का करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चिन्हाची परंपरा आपल्याकडे फार जुनी, आणि विदर्भाशी तिचं घरचं नातं आहे. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख वराहदेवाचा. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्या राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. अजिंठ्यातल्या बुद्धमूर्तींच्या मस्तकामागचं प्रभामंडल पाहा. ती एक रेखीव चकती असते. तिच्यातून खांद्यावर उजेड सांडावा अशी अपेक्षाच नाही. देव्हाऱ्यातली पितळी प्रभावळही तशीच, मूर्तीमागे उभी केलेली. पुढे रंगीत शिळाछापाची चित्रं घराघरांत गेली, तेव्हा हे वलय मऊ झालं. रविवर्मा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अशा छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि गडद ते फिकट असा उतार दगडावर बारीक ठिपके देऊन साधावा लागे. आज आपण ‘ग्रेडियंट’ म्हणून क्षणात ओढतो तो उतार कुणीतरी ठिपक्याठिपक्यानं उभा केला होता. फ्लेक्सवरचं वलय याच घराण्यातलं आहे. त्याला भौतिकशास्त्राचे नियम लावून हिणवू नये. चिन्ह म्हणून ते नेमकं आणि सुंदर असलं, की त्याचं काम झालं.

प्रकाशाचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि या पुस्तकाची बहुतेक पानं त्यालाच दिली आहेत. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० ते ९० टक्के परत पाठवतो, काळी शाई तीन-चार टक्के. चित्रकाराच्या किंवा छापणाऱ्याच्या हातात असते ती एवढीच शिडी. पेटता दिवा त्या कागदापेक्षा कित्येक पटींनी तेजस्वी असतो. कागदाच्या पांढऱ्याहून पांढरं काही छापता येत नाही, मग दिवा पेटलेला दाखवायचा कसा?

उत्तर डोळ्यात आहे. आपल्या डोळ्यातलं भिंग पूर्ण नितळ नसतं. तेजस्वी ठिपक्याकडून आलेल्या किरणांपैकी काही आत विखुरतात आणि दृष्टिपटलावर त्या ठिपक्याभोवती फिकट उजेडाचं कडं उमटतं. कॅमेऱ्याच्या भिंगातही हेच होतं. जुन्या फिल्ममध्ये तर प्रकाश रसायनाचा थर ओलांडून मागच्या पृष्ठावरून उलटा परते आणि खिडक्या-दिव्यांभोवती धुरकट वलय उठे. ते टाळायला फिल्मच्या मागे मुद्दाम प्रकाश शोषणारा थर देऊ लागले. म्हणजे ज्याला आपण झळाळी म्हणतो तो मुळात पाहण्याच्या साधनातला दोष आहे. पण जन्मभर हा दोष पाहत आल्यामुळे मेंदूनं त्यावरून एक खूणगाठ बांधली आहे : कडं दिसलं, तर मधली वस्तू फार तेजस्वी असणार. १९९५ साली स्पेन्सर, शर्ली, झिमरमन आणि ग्रीनबर्ग यांनी डोळ्यातल्या या विखुरण्याचं गणित मांडून ते संगणकाच्या चित्रांत उतरवलं. २०१२ साली लेंग आणि एंडेस्टाड यांनी त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. मध्यभागाकडे उजळत जाणारा नुसता उतार दाखवला, तरी तो पाहताना माणसाची बाहुली आकुंचन पावते, जणू समोर खरंच प्रखर उजेड आहे. आपण शिकतो आहोत ती कला माणसाच्या बाहुलीला हलवते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सॉफ्टवेअरमधली रीत थोडक्यात सांगतो. तपशील पुढच्या प्रकरणांत येईलच. फोटोतला अतितेजस्वी भाग तेवढा वेगळ्या थरावर घ्यायचा, तो धूसर करायचा आणि ‘स्क्रीन’ पद्धतीनं मूळ चित्रावर ठेवायचा. स्क्रीनचं गणित साधं आहे : दोन्ही थरांचे आकडे उलटे करा, गुणा, पुन्हा उलटे करा. १२८वर १२८ ठेवले, तर सुमारे १९२ येतात. उजेड वाढतो, पण २५५च्या वर जाऊन चित्र फाटत नाही. थरांची सोय फोटोशॉपमध्ये १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली, त्याआधी हे सगळं फार कष्टाचं होतं. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही ही रीत जशीच्या तशी चालते, तेव्हा महागड्या साधनावाचून कुणी अडून बसू नये.

रीत सोपी असूनही बहुतेक चित्रं फसतात. पहिलं कारण, धूसरपणा एकाच मापाचा दिला जातो. खरं कडं दिव्यालगत एकदम दाट असतं आणि मग लांबपर्यंत विरळ होत जातं. एकाच मापानं ते दिव्याला कापूस गुंडाळल्यासारखं दिसतं. लहान, मध्यम आणि खूप मोठ्या मापाचे तीन थर घ्या, मोठा अगदी फिकट ठेवा. दुसरं कारण रंगाचं. निरांजनाची ज्योत केशरी म्हणून आपण मधोमध केशरी भरतो आणि ज्योतीच्या जागी रंगवलेला पत्रा दिसतो. कॅमेऱ्यात ज्योतीच्या गाभ्यात तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे शिगेला पोचलेले असतात, म्हणून गाभा पांढरा होतो. रंग उरतो तो कडेला. तिसरं कारण जरा आतलं आहे. संगणकातला १२८ हा आकडा निम्मा उजेड नव्हे. तो पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्के असतो. त्या आकड्यांवरच धूसरपणा चालवला, की लखलखत्या दिव्याचा उजेड हिशेबात कमी पडतो आणि कडं मळकट येतं. ३२ बिटांच्या सरळ प्रमाणात काम केलं, की तेच कडं जिवंत होतं. आणि फ्लेक्सवाल्यांसाठी खास : पडद्यावर पेटलेला निळा-जांभळा चार शाईंत उतरताना विझतो. छपाईचा रंग आधी पाहून घ्या, मग ग्लो मारा.

तरीही सगळ्यात मोठी चूक यांपैकी कुठलीच नाही. आपण दिव्यावर मेहनत घेतो आणि आजूबाजूला तसंच सोडतो. या बाबतीत माझा गुरू संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. हातात दिवा घेतलेली एक तरुणी, दुसऱ्या तळव्यानं तिनं ज्योत झाकलेली. चित्रासाठी उभी होती ती त्यांची मुलगी गीता. हे चित्र समोर ठेवून दिवा शोधा. ज्योत दिसतच नाही. दिसतात आतून लालसर उजळलेली बोटं, हनुवटीखालून चढलेला उजेड, साडीच्या चुण्यांवर उतरत गेलेली आभा, आणि मागे काळोख. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद; त्याहून अधिक तेज चित्रकाराकडे नसतं. हळदणकरांनी दिवा रंगवलाच नाही. त्यांनी उजेड ज्या ज्या गोष्टींवर पडतो त्या रंगवल्या आणि उरलेलं गडद केलं.

स्तूपाच्या फोटोवर काम करताना हे चित्र मनात धरा. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट रात्री उजळतो, तेव्हा त्याची आभा आवारातल्या माणसांच्या कपाळांवर, पांढऱ्या साड्यांवर, फरशीवर पडलेली असते. घुमटामागे ग्लो मारण्याआधी आकाश एक पायरी उतरवा, मग त्या कपाळांवर आणि फरशीवर घुमटाच्या रंगाचा अगदी पातळ थर द्या. कित्येकदा एवढ्यावरच घुमट पेटतो आणि वलयाची गरज उरत नाही. विद्यार्थी पहिल्यांदा हे करतात, तेव्हा दिव्याला हातही न लावता दिवा उजळला म्हणून दोन-तीनदा मागे-पुढे करून पाहतात. तो क्षण मला या विषयात सर्वांत प्रिय आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक पाठ बाहेर जाऊन करा. संध्याकाळी अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या काठावर उभे राहा आणि दूरचा एक दिवा निवडा. त्याच्याभोवतीचं कडं नीट पाहा. मग हात लांब करून फक्त दिवा अंगठ्यानं झाका. कडं दिव्याबरोबर नाहीसं झालं, तर ते तुमच्या डोळ्यात होतं. अंगठ्याच्या बाजूनं ते तसंच दिसत राहिलं, तर ते हवेतल्या धुळीत किंवा धुक्यात आहे. पुढे फोटोत दोन्ही कडी वेगवेगळ्या थरांवर घडवावी लागतील, म्हणून कुठलं दिसलं ते वहीत लिहून ठेवा आणि डिसेंबरातल्या धुक्याच्या पहाटे त्याच दिव्यासमोर पुन्हा जा.