न बोललेल्या गृहीतकाचा मागोवा

बँकेच्या किंवा राज्यसेवेच्या तयारीला बसलेल्या प्रत्येकाला ‘विधान आणि गृहीतके’ हा प्रश्नप्रकार ठाऊक असतो. खाली दिलेले कोणते गृहीतक विधानात अंतर्भूत आहे, ते ओळखायचे. क्लासमध्ये तो दोन-तीन तासिकांत उरकतो. त्यामागची परंपरा मात्र दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’मध्ये याचे मर्म सांगितले. डोरियस ऑलिंपिकमध्ये जिंकला, एवढे म्हटले की त्याला मुकुट मिळाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तिथे बक्षीस मुकुटाचे असते हे श्रोत्याला माहीत असते आणि तो दुवा श्रोताच जोडतो. वक्तृत्वाचे बळ यातच आहे आणि धोकाही यातच. आपणच जोडलेला दुवा तपासावा, असे आपल्या मनातही येत नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा दुवा तपासायची रीत घालून दिली. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे नेमके उदाहरण आहे. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणारच, असे कोणी म्हणाले. ऐकायला बरोबर वाटते. पण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओले सरपण लागते. युक्तिवादात दडलेल्या या अटीला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. ती सापडली की अनुमान ढासळते. याच ग्रंथाची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईत निघाली.

पाठशाळेतले हे कसब परीक्षेच्या कागदावर आले ते अमेरिकेत. कोलंबिया विद्यापीठात गुडविन वॉटसन यांनी १९२५ मध्ये माणसाची निःपक्षपाती वृत्ती मोजण्याचा प्रयत्न केला. एडवर्ड ग्लेझर यांचा चिकित्सक विचारावरचा प्रबंध १९४१ मध्ये आला. दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत गृहीतके ओळखण्याचा स्वतंत्र विभागच आहे. कायद्याच्या प्रवेशासाठीच्या अमेरिकेतल्या एलसॅटमध्येही असे प्रश्न ठाण मांडून आहेत. आपल्याकडे यूपीएससीने २०११ मध्ये आणि एमपीएससीने २०१३ मध्ये सीसॅट ही अभिक्षमता चाचणी आणल्यावर तर्कक्षमता हा गावोगावच्या अभ्यासिकांतला विषय झाला.

या परीक्षांची सर्वांत उपयोगी देणगी म्हणजे नकाराची कसोटी. समजा, नगरपालिकेची सूचना आहे: ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी आजच पाणी भरून ठेवावे.’ पहिले गृहीतक: सूचना लोकांपर्यंत आजच पोहोचेल. ते उलटे करून पाहा. सूचना पोहोचणारच नसेल तर ती काढण्यात अर्थ नाही. म्हणजे हे अंतर्भूत आहे. दुसरे गृहीतक: सगळे नागरिक सूचना पाळतील. हेही उलटवा. काहींनी नाही पाळली तरी सूचना योग्यच ठरते. म्हणजे हे अंतर्भूत नाही. बरेच विद्यार्थी चुकतात ते इथेच. जे घडावेसे वाटते आणि ज्यावाचून विधान उभेच राहत नाही, यांत ते गल्लत करतात.

याच सूचनेत आणखी एक गृहीतक आहे: पाणी साठवायला लोकांकडे पिंप आहे आणि पिंप ठेवायला जागा आहे. ते पर्यायांत असेलच असे नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बाईला मात्र ते लगेच दिसेल, कारण नकाराची कसोटी ती रोज जगते. परीक्षा गृहीतके लिहून समोर ठेवते आणि आपण फक्त निवड करतो. बाहेरच्या जगात ती कोणी लिहून देत नाही, शोधावी लागतात.

म्हणून परीक्षार्थींना आग्रहाचे सांगणे आहे. सराव जरूर करा, पण रोज एक तरी सरकारी सूचना, एक जाहिरात किंवा एक भाषण घ्या आणि पर्याय समोर नसताना त्यातले ओले सरपण हुडकून काढा. निकाल लागल्यावरही ही सवय सोडू नका. पुढे साहेबाच्या खुर्चीत बसाल, तेव्हा तिची खरी गरज पडेल.