जयपूरचा गुलाल गोटा
राजस्थानची राजधानी जयपूर येथे होळीसाठी लाखेचे ‘गुलाल गोटे’ बनविण्याची जुनी परंपरा आहे. सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या शहरातील ‘मनिहारों का रास्ता’ येथे लाखेच्या बांगड्या घडविणारी मुस्लिम मनिहार कुटुंबे ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासत आली आहेत. निखाऱ्यावर मऊ केलेली लाख नळीने फुंकून फुगविली जाते. गोटा पाण्यात थंड केल्यावर त्यात गुलाल भरून तोंड बंद करतात. कवच अतिशय पातळ असल्याने गोटा अंगावर आपटताच फुटतो, मात्र इजा होत नाही. संस्थानकाळात राजघराण्याच्या होळीतही हे गोटे वापरले जात. गोट्यांना मागणी होळीपुरतीच असते. मोजक्या कुटुंबांच्या हाती उरलेली ही कला लोपल्यास हिंदूंच्या सणातील एक रीतही संपेल.